हात न लावता पाणी

३ तारीख, सोमवार

छत्तीस वर्षं रोज ड्यूटी संपताना मी रिपोर्ट लिहिला. कुणाला किती ताप, कुणाला काय दिलं, कोण ओरडलं. आता रिपोर्ट घ्यायला पुढची शिफ्ट नाही, म्हणून ही वही काढली. आज लिहिलं नाही तर डोकं फुटेल माझं.

सकाळी दहाला मुलगा दारात. सोबत दोन माणसं आणि पाच खोकी. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "आई, तू फक्त बघ." बघितलं. दोन तासांत माझ्या बाथरूमची पार वाट लावली. बेसिनचा पितळी नळ उपटला आणि तिथे एक चकचकीत वाकडी मान बसवली. तिला ना चावी, ना मूठ. खाली हात धरला की पाणी, हात काढला की बंद. साबणाची वडी गेली, भिंतीवर डबा आला. त्याला हात दाखवला की तो थुंकतो. फ्लशची दांडी गेली आणि तिथे एक काळा डोळा आला. कचऱ्याच्या डब्यालाही डोळा. दिवासुद्धा माणूस बघून लागतो आणि माणूस हलला नाही तर विझतो.

"हायजीन, आई," मुलगा म्हणाला. "कशालाच हात लावायचा नाही."

हायजीन! हे मला! मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. कोपराने नळ उघडायचा, कोपरापर्यंत हात घासायचे आणि हात वर धरून पाठीने दार ढकलून आत जायचं, हे मी अर्धं आयुष्य केलं. तिथे त्याला अर्थ होता. आत टेबलावर माणसाचं पोट उघडं असायचं. माझ्या घरात कुणाचं पोट उघडं आहे? नळाला हात लावायचा नाही म्हणे. मग दाराची कडी काय नाकाने लावायची? टॉवेल आम्हा दोघांचा एकच आहे, त्याचं काय? नळाला घाणेरडा हात लागला तर पुढच्या मिनिटाला तोच हात साबणाने धुतला जातो, एवढं साधं आहे ते.

आणि गंमत म्हणजे अंघोळीचा नळही बदलला. त्याला एक बटण आहे, ते हाताने दाबायचं. अर्ध्या मिनिटात पाणी आपोआप थांबतं. मी विचारलं, याला हात लागतो की, मग इथे हायजीन कुठे गेलं? मुलगा वळून त्या माणसांना म्हणाला, "चला, आवरा लवकर."

जुना नळ तो खोक्यात घालून नेत होता. मी काढून घेतला. ह्यांनी स्वतः निवडून आणलेला नळ आहे तो, घर घेतलं तेव्हाचा. पुसून कपाटात ठेवलाय, चादरींखाली.

५ तारीख, बुधवार

हे सकाळी बेसिनसमोर उभे होते. बराच वेळ आवाज नाही म्हणून गेले. नळाच्या त्या वाकड्या मानेवरून हात फिरवत होते, मग वाकून बेसिनखाली चाचपडायला लागले.

"काय शोधताय?"

"याची चावी कुठाय?"

ज्या माणसाने चौतीस वर्षं अर्ध्या गावाला पाणी सोडलं, त्याला त्याच्याच घरात नळाची चावी शोधायला लावली! हे पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून सायकलवर निघायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे आणि चावी आत घालून फिरवायचे. मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह बावीस आटे, म्हणजे बावीस फेरे. बाजाराकडचा सतरा. शाळेमागचा अकरा, पण तो शेवटी अडतो म्हणून अर्धा आटा मागे घ्यायचा. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. आणि ह्यांना चावी सापडत नाही, कारण चावी नाहीच!

मी त्यांचा हात धरून खाली नेला. पाणी आलं. ते दचकले, हात मागे घेतला, पाणी थांबलं. माझ्याकडे बघून हसले. "कुणी बंद केलं?"

थट्टेखोर स्वभाव आहे त्यांचा, पहिल्यापासून. सध्या मला "सिस्टर" म्हणायला लागलेत. लग्नाआधी म्हणायचे तसे. तेव्हा व्हॉल्व्हच्या झाकणात बोट चेंगरून वॉर्डात आले होते, रोज ड्रेसिंगला यायचे आणि बोट बरं झाल्यावरही आठ दिवस येत राहिले. आज म्हणाले, "सिस्टर, माझी ड्यूटी किती वाजता?" मी म्हटलं, तुमची ड्यूटी संपली, आता चहा प्या. या वयात चेष्टा सुचते ह्यांना. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाकी दिवसभर संताप. साबणाचा डबा समोरून कुणी गेलं तरी थुंकतो. बेसिनमध्ये सकाळपासून साबणाचा चिखल. मी आत जाते तो टॉवेल घ्यायला आणि हा मला साबण देतो.

८ तारीख, शनिवार

आज मी रडले. रागाने रडले, हे स्पष्ट लिहून ठेवते.

दुपारी हे आत गेले. निवांत बसले असतील, हलले नाहीत, म्हणून दिवा विझला. अंधार झाला तसे उठायला गेले, तर त्या काळ्या डोळ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने धो-धो पाणी सोडलं. मी धावत गेले. हे भिंतीला टेकून उभे, पायजमा भिजलेला, आणि म्हणत होते, "मेन लाइन फुटली, मेन लाइन फुटली, आधी टाकी बंद करा."

मी त्यांचे कपडे बदलले. मान खाली घालून उभे होते. एवढा उंच माणूस, आणि पायजम्याची नाडी बांधून घेताना लहान झाला होता. म्हणाले, "कुणाला सांगू नका हं, सिस्टर."

हायजीन! धड बसता येत नाही माणसाला स्वतःच्या घरात, आणि हायजीन!

मी फ्लशच्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली. दिव्याच्याही लावणार होते, हात पोचला नाही. मग ठरवलं, हे यंत्र आलंच आहे तर मी त्याच्या नाकावर टिच्चून ह्यांना शिकवीन. नव्या पोरींना हात धुवायला शिकवायची तसंच. दिवसातून सहा वेळा, एकच क्रम, एकच शब्द. "हात पुढे. थांबा. पाणी. चोळा. हात पुढे. पाणी." थिएटरमध्ये मी भल्याभल्यांना शिकवलंय. एक डॉक्टर तर माझ्या भीतीने नखं कापून यायचा.

९ तारीख, रविवार

मुलगा आणि सूनबाई आले. मी कालचं सगळं सांगितलं, पायजम्याचं सोडून. ते माझं आणि ह्यांचं आहे.

मुलगा म्हणाला, "आई, दिव्याची वेळ वाढवता येते. मी करून देतो."

"वेळ नको वाढवूस, दिवा बदल. बटणाचा लाव. सगळंच आधीसारखं कर."

"आधीसारखं म्हणजे खालच्या शिंपीणबाईंच्या छतातून पाणी गळत होतं, तसं?"

बघा आता, विषय कुठून कुठे! दोन महिन्यांपूर्वी आमच्या बेसिनचं पाणी वाहून खालच्या बाईंच्या शिलाईच्या कपड्यांवर गळलं. तीनदा झालं. पण ते वॉशर गेलेला होता म्हणून. मी शंभर वेळा सांगितलंय. नळ बंद केला तरी वॉशर खराब असेल तर पाणी वाहणारच. आणि समजा एखाद्या वेळी विसरले असतील बंद करायला, तर माणूस आहे, विसरतो. मी काय कधी गॅसवर दूध विसरत नाही?

सूनबाई मधेच म्हणाली, "आई, बाबांचा चष्मा काल सापडला का?" मी म्हटलं, सापडला. कुठे ते सांगितलं नाही. फ्रीजमध्ये होता. सध्या उकडतंय, काच गार लागली की बरं वाटत असेल त्यांना.

मग खरं पोटातलं बाहेर आलं. येत्या बावीस तारखेला एक बाई येणार आहेत. एका केंद्रातून. तिथे म्हाताऱ्या माणसांना ठेवतात, म्हणजे राहायलाच. त्या बाई घरी येऊन बघणार की हे स्वतःचं स्वतः किती करतात. जेवण, कपडे, बाथरूम. त्यावर त्या सांगणार की ह्यांना घरी ठेवता येईल का तिथे हलवावं लागेल.

"कुणाला विचारून बोलावलंस?"

"आई, तू एकटी किती दिवस पुरणार आहेस?"

मी उठून आत गेले आणि भांडी घासली. घासलेलीच होती, परत घासली. हे बाहेर सुनेला सांगत होते, शाळेमागचा व्हॉल्व्ह शेवटी अडतो. सूनबाई म्हणाली, "हो का बाबा, मग?" चांगली आहे पोरगी. पण नवऱ्याच्या बाजूने आहे.

ह्यांना कुठेही हलवू देणार नाही. एकदा लिहिलं की लिहिलं.

१२ तारीख, बुधवार

नळ मेला! सकाळी सहापासून थेंब नाही. हात धरा, पाय धरा, ढिम्म. बेसिनखाली डबी उघडली तर चार सेल, चारही संपलेले. त्या माणसांनी जुनेच घातले असणार. मुलाला फोन करून मुद्दाम गोड आवाजात सांगितलं, "अरे, तुझ्या हायजीनची बॅटरी संपली." तो म्हणाला, दुपारी आणून देतो. मी म्हटलं, मला दुकान माहीत आहे.

सेल घातले. आधीचा पितळी नळ अठ्ठावीस वर्षांत एकदाही सेल मागत आला नव्हता.

१५ तारीख, शनिवार

रिपोर्ट खरा लिहायचा, ही माझी शिस्त आहे, म्हणून लिहिते. आज ह्यांना सहाच्या सहा वेळा जमलं. मी दाराशी उभी होते, काही बोलले नाही. दोन्ही तळवे पुढे करून थांबले. पाणी आलं. चोळले. परत पुढे केले. हसले. बाहेर येताना त्या नळाच्या मानेवर दोन बोटं टेकवली, व्हॉल्व्ह सोडून झाल्यावर झाकणावर टेकवायचे तशी.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हात पुढे करून उभं राहायचं आणि कुणीतरी देईल म्हणून वाट बघायची, हे काय शिकणं झालं? मांजरालाही जमेल. त्या बाई येतील तेव्हा मला त्यांना हे दाखवायचं नाही. ज्या माणसाने लोखंडी चावीने बावीस आटे फिरवले, त्याला त्याच्या स्वतःच्या नळाची चावी फिरवताना दाखवायचंय. चौतीस वर्षांची सवय आहे. डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी हात विसरत नाहीत. हे मी पुष्कळ पेशंटमध्ये पाहिलंय.

शिवाय मुलाला कळू दे कुणाचं खरं होतं.

१८ तारीख, मंगळवार

केलं. प्लंबर बोलावला आणि बेसिनचा नळ काढायला लावला. फ्लशची दांडीही परत. साबणाची वडी परत. काढलेलं नवीन सगळं, डोळेवाल्या डब्यासकट, खोक्यात भरून गच्चीत. अंघोळीच्या बटणाला तेवढा तो म्हणाला, फरशी फोडावी लागेल, म्हणून ते राहू दिलं.

मी कपाटातून पितळी नळ काढून दिला. म्हटलं, आधी वॉशर बदल, तो गेलेला आहे. त्याने नळ उघडला, वॉशर काढून बोटावर घेतला आणि उजेडाकडे धरला.

"काकू, हा तर एकदम ठणठणीत आहे."

"नीट बघ."

"बघितलं ना. हा नळ गळणं शक्य नाही. बंद केला की बंदच होणार."

मी म्हटलं, तू तुझं काम कर. आजकालच्या प्लंबरना काय कळतं? नवीन बसवायला येतं, जुनं ओळखता येत नाही. तरी मी हट्टाने नवा वॉशर घालायला लावला.

नळ जागेवर बसला आणि मला इतकं हलकं वाटलं की प्लंबरला दोन वेळा चहा दिला. मुलाला कळवलेलं नाही. शनिवारी त्याच्या डोळ्यांनीच बघू दे.

संध्याकाळी हे आत गेले. खूप वेळ बेसिनसमोर उभे होते. मी लांबून बघितलं. जुना ओळखीचा भेटल्यासारखे बघत होते नळाकडे. मला भरून आलं. तेवढ्यात दूध उतू जायला लागलं, म्हणून मी घाईने जाऊन नळ सोडला, त्यांचे हात धुतले आणि पळाले.

२० तारीख, गुरुवार

घर घासून काढलं. पडदे धुतले. ह्यांच्यासाठी निळा शर्ट इस्त्री केला. बाथरूमला दोनदा पाणी मारलं. बाई आल्या की त्यांना आधी चहा, मग हे गप्पा मारतील, मग मी म्हणेन, अहो, हात धुऊन या. एवढंच. बाकी काही सांगायची गरज नाही.

दिवसभर गडबड इतकी की ह्यांचे हात मीच धुतले, तिन्ही वेळा. पटकन होतं.

२१ तारीख, शुक्रवार

सूनबाई संध्याकाळी फळं द्यायला आली. बाथरूममध्ये गेली आणि तशीच बाहेर आली. अर्ध्या तासात मुलगा हजर. चपलाही काढल्या नाहीत.

"तू नळ काढलास?"

"माझं घर आहे."

"आई, उद्या त्या बाई येणार आहेत!"

"म्हणूनच काढला. हायजीनचे खेळ मला नको आहेत माझ्या घरात."

मग तो ओरडला. माझ्यावर तो कधी ओरडत नाही. "हायजीन! अगं, कसलं हायजीन? तुला खरं ऐकायचं नव्हतं म्हणून हायजीन म्हणालो! बाबा नळ सोडून निघून जातात. तीनदा पाणी खाली गेलं. तिसऱ्या वेळी त्या शिंपीणबाई थेट मला म्हणाल्या, तुझ्या वडिलांना सांभाळता येत नसेल तर हलव. मग मी सगळीकडे विचारलं आणि हे शोधून काढलं. विसरले तरी आपोआप बंद होणारं. चावीच नको, म्हणजे चावी फिरवायची आठवण नको. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, वॉशर."

"वॉशरच होता."

"आई!"

हे तेवढ्यात बाहेर आले. आमच्याकडे बघितलं आणि मुलाला अगदी अदबीने म्हणाले, "साहेब, आवाज कमी करा. पेशंट झोपलेत."

मुलगा दाराला हात टेकून उभा राहिला. मग निघून गेला. सूनबाईने माझा खांदा दाबला आणि तीही गेली.

मी अजून चिडलेली आहे. त्याच्यावर, त्या शिंपीणबाईवर, प्लंबरवर. वडिलांना "हलव" म्हणे, खुर्ची आहे का? आणि माझ्याशी खोटं बोलला, तेही हात धुण्यावरून. दुसरा कुठलाही विषय मिळाला नाही ह्याला? मला येऊन सरळ सांगायचं होतं.

सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते मला माहीत आहे.

उद्या बघू. हात विसरत नाहीत.

२२ तारीख, शनिवार

दुपारचे तीन वाजलेत. हे झोपलेत. सगळं क्रमाने लिहिते.

बाई अकराला आल्या. चाळिशीच्या असतील, हातात साधी वही, पायात सपाट चपला. मला वाटलं होतं, कुणीतरी तोंड वाकडं करणारी येईल. तशी नव्हती. मुलगा आणि सूनबाई आधीच येऊन बसले होते. मुलाने माझ्याकडे बघितलं नाही.

हे छान बोलले. निळा शर्ट, केस विंचरलेले. मोठ्या टाकीचे बावीस आटे सांगितले, बाजाराकडचे सतरा सांगितले. बाईंनी विचारलं, "आणि शाळेमागचा?" मुलाने आधी सांगून ठेवलं असणार. ह्यांचा चेहरा उजळला. "अकरा. पण शेवटी अडतो." मी मुलाकडे विजयाने बघितलं.

मग मी म्हटलं, "अहो, हात धुऊन या."

हे उठले. न चुकता बाथरूममध्ये गेले. बाई मागोमाग गेल्या, त्यांच्या मागे मी. हे बेसिनसमोर उभे राहिले, दोन्ही तळवे नळाखाली धरले आणि थांबले.

अगदी बरोबर. जसं मी शिकवलं होतं तसं. हात पुढे, थांबा.

पाणी आलं नाही. त्यांनी हात मागे घेतले, परत पुढे केले. जरा वर, जरा खाली. मग वळून माझ्याकडे बघितलं. चिडले नव्हते. आपलं काहीतरी चुकलं असेल, असं बघत होते. तेच मला सहन होत नाहीये अजून.

मी पुढे झाले. त्यांचा उजवा हात धरला आणि पितळी चावीवर ठेवला. म्हटलं, "फिरवा ना." त्या हाताने अर्धं गाव पाणी प्यायलं आहे. हाताने चावी चाचपली, गार पितळेवर अंगठा फिरवला, जसा कुणी दुकानात वस्तू बघताना फिरवतो. "छान आहे," म्हणाले, आणि हात परत नळाखाली नेऊन धरला.

मी चावी फिरवली. पाणी आलं. ते खूश झाले. चोळले, धुतले आणि हात काढून घेऊन बाहेर निघाले. नळ तसाच चालू. बाईंनी तो बंद केला. घट्ट बंद झाला. थेंबही गळला नाही.

वॉशर ठणठणीत होता.

बाहेर येऊन बाईंनी वही उघडली. "हात स्वतः धुतात का?"

मुलगा काहीतरी बोलायला लागला. मी त्याला थांबवलं. छत्तीस वर्षांत मी एकही खोटा रिपोर्ट लिहिला नाही. एकशे दोन ताप असेल तर एकशे दोनच लिहिला, डॉक्टर रागावले तरी.

"नाही," मी म्हटलं. "मी नळ सोडते. बंदही मीच करते."

"आधी जमत होतं?"

"मागच्या शनिवारपर्यंत जमत होतं. सहाच्या सहा वेळा. दुसरा नळ होता, हात धरला की येणारा. त्यावर एकट्याने करायचे."

"मग तो?"

"मी काढला."

"का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हेसुद्धा, हसऱ्या चेहऱ्याने, जणू मी काहीतरी गंमत सांगणार आहे.

"रागाने," मी म्हटलं.

बाईंनी ते लिहिलं की नाही, मला दिसलं नाही. वही मिटून म्हणाल्या, "या टप्प्यावर माणूस नवीन काही शिकला, हे मी फार कमी वेळा बघते. कुणी शिकवलं?" मुलगाच म्हणाला, "आईने." बाई म्हणाल्या, तो नळ परत लावा, मी पंधरा दिवसांनी पुन्हा येते, तोपर्यंत काही ठरवत नाही. परत शिकतील का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही.

त्या गेल्यावर मुलगा गच्चीत गेला. मीच तिथे टाकून दिलेलं सगळं खोकं घेऊन खाली आला, जमिनीवर बसला आणि एकेक भाग फडक्याने पुसायला लागला. मी त्याच्याशेजारी बसले. मला म्हणायचं होतं की तुझं बरोबर होतं. ते तोंडातून निघेना, म्हणून म्हटलं, "फ्लशला मात्र डोळा नको. दांडीच राहू दे. घाबरतात ते." तो म्हणाला, "बरं." मग थोड्या वेळाने, "पायजम्याचं मला माहीत होतं, आई. दोरीवर वाळत होता." आणि पुसत राहिला.

राग अजून आहे. छातीत तसाच बसलाय, फक्त आता काढायला समोर कुणी उरलेलं नाही. त्या नळावर पंधरा दिवस तोंडसुख घेतलं. घरातल्या सगळ्या वस्तूंमध्ये तो एकटाच ह्यांना जसे आहेत तसे ओळखून होता. मी नव्हते.

प्लंबरला फोन केला. म्हणाला, "काकू, परवाच तर काढला!" मी म्हटलं, "हो, काढला. आता लाव." सोमवारी सकाळी येतो म्हणाला.

२३ तारीख, रविवार

आज सहा वेळा. मी आधी आत जाऊन नळाच्या बाजूला, जरा मागे उभी राहते. हे येतात. हात पुढे. थांबा. मी चावी फिरवते. चोळा. मी बंद करते. हात पुढे. मी परत फिरवते. वेळ चुकता कामा नये, नाहीतर ते गोंधळतात. हात आला की पाणी, हात गेला की बंद. माझ्या मनगटात कळ येते, पण जमतंय.

पाचव्या वेळी हे हात पुसता पुसता नळाकडे बघून म्हणाले, "हा नळ शहाणा आहे, सिस्टर. हात पुढे केला की देतो."

चेष्टा करत नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, पेशंटकडे बघायची तसं. चेष्टा आधीही कधी करत नव्हते.

मी म्हटलं, "हो, शहाणा आहे."

बाहेर जाताना त्यांनी सवयीने दोन बोटं टेकवली. नळाच्या चावीवर माझा हात होता, त्यावर.

प्लंबर उद्या येईल. तोवर मी आहे.